पाठकोऱ्या चेहऱ्यांचा गठ्ठा

मित्रांनो, नाक मुरडू नका. कोपऱ्यात जे धुळकट धूड दिसते आहे, ज्याच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवून विसरून गेले आहे, ती मीच. एक जुनी झेरॉक्स मशीन.

नवी आले तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती की मालक तिच्यात बघून भांग पाडत. कोर्टाशेजारच्या या चिंचोळ्या दुकानात मला बसवले आणि दिवसभर माझ्यापुढे रांग लागू लागली. ओळखपत्रे, दाखले, गुणपत्रिका, सगळे माझ्या काचेवर पालथे पडले. "मशीन आहे की आरसा!" असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात मिरवत असे.

मालक हाडाचे काटकसरी. एखादी प्रत काळपट किंवा तिरकी निघाली की ते ती गिऱ्हाइकाला देत नसत आणि टाकूनही देत नसत. "पाठकोरा आहे, वाया कशाला घालवायचा?" म्हणत खालच्या खोक्यात ठेवत. पाठ कोरी, म्हणून पाठकोरा. त्यावर हिशेब लिहायचा, पेन चालते का बघायचे, गठ्ठा जास्त झाला की मागेल त्याला देऊन टाकायचा. पोटाच्या बाजूला कोणाचा चेहरा आहे, हे कोणी बघतच नसे.

आमच्याकडे सुईताई नेहमी यायच्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शन देणे, जखमा धुणे हे त्यांचे काम. लोक त्यांच्या हातात घराची किल्ली निर्धास्तपणे देत. या कामात चांगले नाव सोडले तर दुसरे भांडवल नसते.

मग दुकानात ओळख सांभाळण्याची योजना विकणारा एक टायवाला येऊ लागला. माझ्या झाकणावर रंगीत पत्रके पसरायचा आणि लोकांना घाबरवायचा. "ताई, उद्या तुमची ओळखच कोणी चोरली तर? वर्षाची फी भरा. आमचं कवच रात्रंदिवस जागं असतं." ताई घाबरल्या आणि त्यांनी फी भरली. गंमत बघा, ओळख सांभाळण्यासाठी त्याने आधी ती सगळीच मागून घेतली! ओळखपत्र, सही, अंगठा, जन्मतारीख. त्यासाठी काढलेली पहिली प्रत काळपट निघाली. मालकांनी सवयीने ती खोक्यात सरकवली. टायवाला शेजारीच उभा होता. सुरक्षेवर तोंडाला फेस येईपर्यंत बोललेला हा माणूस, पण त्याने एका शब्दाने हटकले नाही. त्याच्या त्या तेलकट हसण्याची मला अजून शिसारी येते.

काही महिन्यांनी कोणीतरी ताईंच्या नावावर फोन नंबर घेतला आणि त्यावरून लोकांना गंडा घातला. पोलीस ताईंच्या दारात आले. गल्लीभर कुजबुज झाली. ज्या आजोबांच्या पायाची जखम ताई रोज धुवायच्या, त्यांच्या सुनेने उंबऱ्यातूनच सांगितले, "तुम्ही राहू द्या आता. आम्ही दुसरं कोणीतरी बघतो." आणि किल्ली मागून घेतली.

ताई तक्रारीच्या प्रती काढायला आल्या, तेव्हा टायवाला नवे गिऱ्हाईक पटवत होता.

"अहो, तुमचं कवच कुठे झोपा काढत होतं?" ताईंनी विचारले.

"ताई, आमचं काम सूचना देण्याचं. चोरी थांबवण्याचं नाही. सूचना आली ना?"

"आली की. पोलीस येऊन गेल्यावर!"

"मग सेवा मिळाली तुम्हाला," तो हसून म्हणाला.

मित्रांनो, मला ओकता आले असते, तर पोटातली सगळी शाई मी त्याच्या टायवर ओकली असती.

मालकांनी ताईंचा हिशेब नेहमीप्रमाणे पाठकोऱ्यावर लिहून दिला. ताईंनी सहज कागद उलटला. पलीकडच्या बाजूला छापलेल्या ओळखपत्रातून एक अनोळखी म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. नाव, पत्ता, सही, सगळे स्वच्छ वाचता येत होते.

"माझाही कागद असाच गेला का हो?" ताईंनी हळूच विचारले.

मालकांचे तोंड बिघडलेल्या प्रतीसारखे काळे पडले. "मी आपला कागद वाचवत होतो, ताई..."

ताईंनी खोके ओढले, स्टुलावर बसल्या आणि एकेक कागद फाडत सुटल्या. टायवाला कधी सटकला ते कळलेही नाही. थोड्या वेळाने मालकही जमिनीवर बसून फाडू लागले. ताईंची प्रत मात्र त्यात सापडली नाही. तो गठ्ठा केव्हाच कोणीतरी मागून नेला होता.

पुढे ताई त्या प्रकरणातून सुटल्या. किल्ली मात्र त्यांना परत मिळाली नाही.

मला आता भंगारवाला नेणार आहे. जाण्याआधी एवढेच सांगते. चोरी झाल्यावर दार ठोठावणाऱ्या पहारेकऱ्याला मी तरी छदाम देणार नाही. तुम्ही प्रत काढाल तेव्हा ती कोणत्या कामासाठी आहे, ते तिच्यावर आडवे लिहा. बिघडलेली प्रत मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने फाडा. त्याला फी पडत नाही. ताईंची प्रत खोक्यात सरकली त्या दिवशी मला बोलता आले असते, तर आजोबांची जखम आजही सुईताईच धूत असत्या.