द्या काय द्यायचं ते

मामा तिसऱ्यांदा दुकानाबाहेर गेला, पायपुसण्यावर बूट घासले आणि या खेपेला लंगडत आत आला.

"काय हो बाई," आवाज बारीक करून तो म्हणाला, "या खुर्चीची बैठक फाटलीय. विणून द्यायचे किती घ्याल?"

त्याच्या हातात खुर्ची नव्हती, घरून आणलेलं स्टूल होतं. भाचीनं ते गंभीरपणे उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अठराशे."

"म्हातारा माणूस आहे हो मी. गुडघा गेलाय."

"बरं, मग... द्या काय द्यायचं ते."

मामाचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला. त्यानं स्टूल खाली ठेवलं आणि त्यावर बसून कपाळाला हात लावला. पहिल्या खेपेला तो घासाघीस करणारं गिऱ्हाईक झाला होता, तेव्हा तिनं न मागता तीनशे सोडले होते. दुसऱ्या खेपेला लांबचा नातेवाईक झाला, तर तिनं "तुमच्याकडून कसले घ्यायचे" म्हणून सगळेच सोडले.

दुकान उद्या उघडायचं होतं. भिंतींचा रंग अजून ओला होता, वेताच्या जुड्या टबात भिजत होत्या, आणि सकाळपासून तिनं दारावरची पाटी चार वेळा पुसली होती. जेवायचं राहून गेलंय हे दुपारी मामानं विचारल्यावर तिच्या लक्षात आलं. अकरा वर्षं फर्निचरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या खुर्च्या विणल्यावर माणसाला स्वतःच्या पाटीचं एवढं कौतुक असायचंच.

कारखाना तिनं गेल्या महिन्यात सोडला होता. हातात सहा महिन्यांचं भाडं होतं. तेवढ्यात दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर परत कारखान्यात. निरोप घेताना मुकादम हसत म्हणाला होता, "तुझी जागा राखून ठेवतो." ते हसणं तिच्या अजून डोक्यात होतं.

मामा तीस वर्षं तिकीटखिडकीच्या मागे बसलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून कुणाला तरी शिस्त लावायला त्याचे हात शिवशिवत होते, त्यात आयती भाची सापडली. घरचा खिसा वेगळा आणि दुकानाचा वेगळा, हे त्यानं पहिल्याच दिवशी तिला बजावलं आणि बँकेत दुसरं खातं उघडायला लावलं. मग एका खुर्चीचा भाव काढायला बसवलं. वेताचे चारशे. भाडं, वीज आणि किरकोळ सामान मिळून दोनशे. वाईट महिन्यासाठी बाजूला दोनशे. झाले आठशे, असं म्हणून ती उठायला लागली, तर मामानं तिला पुन्हा बसवलं आणि वर हजार लिहिले.

"हे कशाचे?" तिनं विचारलं होतं.

"तुझे. दोन दिवस काय फुकट विणणारेस?"

कारखान्यात पगार दुसरा कुणीतरी ठरवायचा, तिनं फक्त सही करायची. आता तो कागद दोन दिवस तिच्या पर्समध्ये होता आणि ती तो मधूनमधून काढून बघत होती.

भावात चूक नव्हती. तो तोंडातून निघत नव्हता, एवढंच. खरं तर ते दुखणं वडिलोपार्जित होतं. तिच्या बाबांच्या हातचं विणकाम लोक लांबून बघायला यायचे, आणि पैशांचं विचारलं की बाबा मान खाली घालून म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते." लोक द्यायचे. काय द्यायचं ते. सात वर्षांत बाबांचं दुकान बंद झालं.

"बाबांना लोक देवमाणूस म्हणायचे," ती म्हणाली.

"म्हणायला काय, पैसे पडत नाहीत," मामा म्हणाला. "ठमे, नीट ऐक. खिडकीत मी एवढंच करायचो. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलला तो गेला. तुला ते गप्प बसणंच जमत नाही. मधली शांतता तू स्वतःच्या पैशांनी भरतेस."

मग त्याला नवीनच सुचलं. ओळखीच्या चेहऱ्यासमोर तिची भीड चेपणार नाही, तेव्हा आपल्या जुन्या खात्यातल्या एखाद्या रिकामटेकड्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवतो, असं सांगून तो मागच्या गल्लीत निघून गेला.

दहा मिनिटांतच दारात एक उंच गृहस्थ उभा राहिला. मामाची माणसं तयारीची होती म्हणायची, कारण याच्या हातात खरी खुर्ची होती. बैठक मधोमध फाटलेली, कडांना मांजराच्या नखांचे ओरखडे. इतक्या थोड्या वेळात मामानं ही कुठून पैदा केली, याचंच तिला नवल वाटलं. तिला हसू आवरेना. ते दडवायला तिनं खुर्ची उलटी केली आणि चौकटीतली वेत ओवायची भोकं मोजली.

त्यानं किती होतील विचारलं.

"अठराशे," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

"फार होतात हो."

ती गप्पच. सोंगाला सोंगानं उत्तर द्यायचं यात भीड कसली! उलट मजा येत होती. तो खुर्चीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"हातानं विणणार ना? की तयार जाळी ठोकणार?"

"हातानं. पूर्ण दोन दिवस लागतात. निम्मे आधी द्यावे लागतील."

त्यानं पाकीट काढलं आणि नऊशे मोजून टेबलावर ठेवले. तिनं कोऱ्या पावतीपुस्तकातली पहिली पावती झोकात फाडून दिली आणि राहवलं नाही म्हणून हळूच म्हणाली, "तुमचं काम छान चाललंय हं."

गृहस्थ जरा गोंधळला. "हो, बरं चाललंय," असं म्हणून तो गेला.

मामा घामाघूम होऊन परतला. "तिघांच्या घरी जाऊन आलो. एक झोपलाय, दोघं गावाला गेलेत. चल, मीच होतो परत. या वेळी तोतरा होतो."

"पुरे आता, मामा. हे नऊशे तुझ्या माणसाला परत दे. कसला पटाईत माणूस रे."

"कुठला माणूस?"

तिनं खुर्चीकडे बोट केलं. मामानं खुर्ची पाहिली, नोटा पाहिल्या, पावतीपुस्तकातली दुसरी प्रत पाहिली.

"मी कुणालाच पाठवलं नाही," तो म्हणाला.

"मामा, मला मामा बनवू नकोस."

"तुझी शपथ."

तिनं स्टूल ओढलं आणि ती बसली. मग हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. खऱ्या माणसाला तिनं अठराशे सांगितले होते, आणि खऱ्या माणसानं ते कबूल केले होते. बोहनी एक दिवस आधीच झाली म्हणून मामा टेबलाभोवती फिरत होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

तोच गृहस्थ होता, फोन हातात घेऊन.

"बायकोशी बोललो. ती म्हणते, एक-एक कशाला? घरी अजून पाच आहेत, अशाच. मांजर एकच आहे, पण कष्टाळू आहे." तो आत येऊन उभा राहिला. "मग पाचही उद्या आणून टाकतो. आता एकदम सांगा बघू, काय द्यायचं?"

ती उठून उभी राहिली. आता हे सोंग नव्हतं. पाच खुर्च्या हातच्या जातील, असं मनात आलं आणि ओळखीचे शब्द आपोआप ओठांवर आले.

"द्या..."

मामा टबाकडे वळला आणि भिजलेल्या वेताच्या काड्या मोजू लागला.

"द्या निम्मे आधी," ती म्हणाली. "भाव तोच. पाचांचे नऊ हजार."

मग ती गप्प बसली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. टबात पाणी हललं. तिची बोटं पदराचं टोक पिळत होती, पण हात टेबलाच्या मागे होते आणि पलीकडून दिसत नव्हते.

"साडेचार हजार आत्ताच देऊ," गृहस्थ म्हणाला, "की उद्या खुर्च्या आणल्यावर?"