सिग्नेच्या दगडफुलाचा धूसर फोटो

विषय : आवारातील जुन्या भिंतीवरील दगडफुलाचे अस्पष्ट छायाचित्र.
संदर्भ : सिग्ने हिचा नगरपालिकेकडील अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, एक स्वस्तातला डिजिटल कॅमेरा, बोलतोय. ते छायाचित्र माझंच आहे. नाकारायची सोय नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण अक्कल आली ती नॉर्वेच्या किनाऱ्यावर, सिग्नेच्या हातात. सिग्ने जन्मभर दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती; अडचणीच्या जागी डोकावायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. इमारतीच्या आवारातल्या दगडी भिंतीवर तिला नखाएवढं दगडफूल सापडलं, कडेने काळी झालर असलेलं. या किनाऱ्यावरून ते नाहीसं झालं असं जाणकार समजत होते. भिंत राखावी म्हणून तिने अर्ज केला. झालर दिसेल असा जवळून काढलेला फोटो जोडावा, असं उत्तर आलं.

म्हणून ती दुकानात आली. फळीवर आम्ही दोघे शेजारी होतो, दोघेही तिच्या ऐपतीतले. शेजारचा ठेंगणा, अबोल. पण दोन बोटांच्या अंतरावरून मुंगीच्या मिशा मोजणारा. मी लांब नाकाचा, म्हणजे झूमवाला. विक्रेत्याने माझं नाक पुरतं बाहेर काढलं आणि चर्चच्या कळसावर बसलेल्या समुद्रपक्ष्याचा डोळा तिला दाखवला. लांबचं इतकं जवळ आणतो, तर जवळचं काय विचारता, असं तिला वाटलं. ते खोटं होतं आणि मला ठाऊक होतं. पण स्वतःची स्तुती चालू असताना मध्ये बोलणारा माणसांत विरळा, वस्तूंत तर नाहीच.

भिंतीपाशी माझं पितळ उघडं पडलं. नाक लांब केलं की जवळचं दिसेना. आखडलं की दगडाला टेकवावं लागे, आणि माझीच सावली झालरीवर पडे. ओल्या दगडांवर गुडघे टेकून, श्वास रोखून सिग्ने बटण दाबत राहिली. मी तिला राखाडी धुकं देत राहिलो. त्यातल्या त्यात बरं धुकं तिने पाठवून दिलं.

मे महिन्यातल्या राष्ट्रीय सणाआधी सगळी घरं मिळून आवार साफ करतात. त्याला इथे दुगनाद म्हणतात. त्या दिवशी एकट्याने अडून बसणं म्हणजे लग्नात रुसून बसणं. वाफल, म्हणजे इथली जाळीदार गोड धिरडी, भाजले गेले, तपकिरी चीज आलं, ब्रश वाटले गेले. सोसायटीचा अध्यक्ष ओदवार भिंतीकडे वळला.

"ओदवार, तेवढा कोपरा राहू दे ना," सिग्ने हळूच म्हणाली.

"का गं? कोण राहतं तिथे?"

तिने मला पुढे केलं. ओदवारने चष्मा पुसला, माझा पडदा नाकाशी धरला, बराच वेळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता. काही दिसलं असतं तर तो थांबला असता.

"अगं सिग्ने, ही तर लापशी आहे. तीही निवलेली."

सगळे हसले. सिग्नेही हसली. मग तिने त्याच्या हातातला ब्रश घेतला.

"तुम्ही वाफल खा. हा कोपरा मी करते."

तिने तो स्वतः घासला, काळ्या झालरीसकट, दवाखान्यातल्या सफाईने. मी तिच्या गळ्यात होतो. ब्रशच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर तिच्या छातीवर आपटत होतो, आणि त्यातला एकही दणका मला जास्त वाटला नाही.

आता मी खणात आहे, मोजे आणि जुन्या चष्म्यांसोबत. तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तुम्हाला माझी एकच विनंती : जवळचं टिपायला कॅमेरा घ्याल, तेव्हा दुकानात कळसाकडे बघू नका. खिशातलं नाणं त्याच्या नाकासमोर धरा. त्यावरची अक्षरं त्याला वाचता येतात का, ते पाहा.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं. छायाचित्र अस्पष्ट आहे, स्पष्ट प्रत पाठवावी. सिग्नेने अर्ज मागे घेतलेला नाही आणि भिंत घासल्याचंही कळवलेलं नाही. स्पष्ट प्रत मिळेपर्यंत अर्ज प्रलंबित आहे.