दहापैकी दोन

सिनेमा वाईट असला की मी वाईट म्हणतो. आडपडदा नाही. मागे तो भुताचा सिनेमा आला होता. भूत कपाटात, बाई कपाटासमोर, आणि ती काही केल्या मागे वळून बघायला तयार नाही. अगं, बघ ना मागे! सगळं थिएटर ओरडतंय. मध्यंतरात मी पॉपकॉर्नवाल्याला विचारलं, या भुताला पगार तरी देतात का? कारण अख्ख्या सिनेमात ते बिचारं एकटंच काम करत होतं. त्याला मी चार गुण दिले. पोलिसांच्या सिनेमाला तीन, तेही त्यातल्या कुत्र्याला. कुत्र्याच्या चेहऱ्यावर निदान हावभाव होते.

गुण द्यायची पद्धत माझी नाही. ती माझ्या मुलाची आणि सुनेची. सिनेमा सुटला की थिएटरच्या जिन्यावरून उतरता उतरता दहापैकी किती ते सांगायचं, रस्त्याला पाय लागायच्या आत, आणि खोटं सांगायचं नाही. एकदा चहाला बसलं की माणूस समजुतीनं बोलायला लागतो, असं गुंड्याचं म्हणणं. गुंड्या म्हणजे माझा मुलगा. लहानपणी शर्टाच्या गुंड्या तोडून खिशात भरायचा, म्हणून त्याच्या आईनं पाडलेलं नाव. त्याचं कागदावरचं नाव मी आयुष्यात फारसं उच्चारलंच नाही. मोठ्यानं उच्चारलं ते हॉस्पिटलच्या खिडकीवर, मृत्यूचा दाखला घेताना.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याची आई आधीच गेलेली. घरात उरलो मी आणि सून. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्याच्याच मागे दोन खोल्या. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. संध्याकाळी आम्ही समोरासमोर जेवायला बसायचो आणि ताटात बघायचो. ताटात बघण्यासारखं काही नसायचं. पुढे कामाच्या वेळा जुळेनात म्हणून तिनं हॉस्पिटलजवळ खोली घेतली. मीच म्हटलं, घे. ती गेल्यावर मी भिंतीकडे बघत जेवायला लागलो, एवढाच फरक.

मग एका शुक्रवारी ती दुकानात आली. म्हणाली, "बाबा, सिनेमाला येता?"

सासरा आणि सून, सिनेमाला! लोक काय म्हणतील, हे मनात आलं. पण तिचा चेहरा बघून म्हटलं, लोक गेले खड्ड्यात. सिनेमा इतका रद्दी होता की सांगायची सोय नाही. जिन्यावर ती म्हणाली, "पाच." आणि माझ्याकडे बघत थांबली.

"दोन," मी म्हणालो. "तेही खुर्ची मऊ होती म्हणून."

ती हसली. गुंड्या गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी मी पुढे काय काय बघितलं, विचारू नका.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळचा शो ठरलेला. नंतर कोपऱ्यावर चहा. सिनेमाची चिरफाड झाली की इकडचं तिकडचं. तिनं एक जुनी सायकल विकत घेतली होती, तिची चेन सारखी उतरायची. मी जुने रेडिओ आणून दुरुस्त करत बसतो, त्यातला एक फक्त पाऊस पडला की वाजायचा. तासभर बोलायचो, पण गुंड्याचं नाव दोघांच्याही तोंडी यायचं नाही. आलं असतं तर चहा घशाखाली उतरला नसता. माझा सगळा आठवडा त्या एका संध्याकाळच्या जोरावर चालायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं का असलं काही?

आणि मग तो सिनेमा आला. तिनंच निवडला. नेहमी पोस्टर बघून दोघं मिळून ठरवायचो, त्या वेळी मात्र ती आधीच तिकिटं काढून उभी होती.

गोष्ट साधी. एक बाई, तिचा नवरा वारलेला. म्हातारा सासरा आणि ती, दोघंच घरात. तिला एक माणूस भेटतो, चांगला असतो, तिच्या मागे हात धुऊन लागत नाही, वाट बघतो. शेवटी ती त्याच्याबरोबर दुसऱ्या गावाला जाते. म्हातारा फाटकात उभा राहून हसत हसत हात हलवतो. संपलं. मी अंधारात बसून दात-ओठ खात होतो. डोळे पाण्यानं भरले होते आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता.

जिन्यावर नेहमी ती आधी गुण सांगायची. त्या दिवशी म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही."

"दोन."

"दोन?"

"मग काय! नवऱ्याच्या चपला अजून दारात आहेत आणि बाईसाहेब दुसऱ्याच्या गाडीत बसून चालल्या. काही जनाची नाही तर मनाची?"

माझ्या जिभेला हाड नाही, हे तिला ठाऊक होतं. असलं मी प्रत्येक सिनेमाबद्दल बोलायचो. पण माझ्या दारात गुंड्याच्या चपला अजून तशाच आहेत, हेही तिला ठाऊक होतं.

"चपला ठेवून काय होतं बाबा?" तिनं विचारलं.

"काही होत नाही. ठेवायच्या असतात."

ती दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "मी आठ दिले." आवाज अगदी खाली गेलेला. चहा तिनं अर्धाच प्यायला. मी चेनचं विचारलं, तर म्हणाली, ठीक आहे.

पुढच्या शुक्रवारी निरोप आला, ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्या वेळी, अंग दुखतंय. मग निरोपही यायचा बंद झाला. मी मनातल्या मनात तणतणत होतो. आता सिनेमा आवडला नाही म्हणून कुणी माणसाशी बोलणं टाकतं का? मीही फोन केला नाही. माझ्याही नाकाचा शेंडा कमी लाल नाही.

असंच एके दिवशी दुपारी दुकानात एकजण आला. पस्तिशीचा असेल. चष्म्याची काडी मोडलेली, ती त्यानं रुमालात बांधून आणली होती. नंबर एवढा मोठा की चष्मा माझ्या हातात दिल्यावर खुर्ची चाचपत बसला. मी काडी बसवायला घेतली. तो म्हणाला, "काका, मी तुमच्या सुनेच्या हॉस्पिटलात असतो. हातपाय मोडलेल्यांचे व्यायाम करून घेतो."

"बरं."

"आम्ही लग्न करायचं ठरवत होतो."

चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच बहुतेक त्याला बोलता आलं. त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या शहरात त्याला मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती, तिलाही तिथं काम मिळत होतं. त्या शुक्रवारी ती मला सांगणार होती. आपल्या तोंडून एकदम निघायचं नाही, आधी सिनेमा दाखवते, मग चहा घेताना विषय काढते, असं तिचं ठरलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, नको. मी म्हटलं, कारण तरी सांग. तर म्हणाली, बाबांनी दोन दिले."

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा हातातला स्क्रू खाली पडला. मी काउंटरखाली वाकून तो शोधत राहिलो. सापडल्यावरही थोडा वेळ तसाच वाकून बसलो.

"मी भांडायला आलेलो नाही काका," तो वरून म्हणाला. "काडी खरंच मोडलीय."

मी काडी बसवून दिली. त्यानं चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि घाईघाईनं उठला.

आता माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, लपवत नाही. ती नाही म्हणाली ना? मग मिटलं. आपण कशाला मध्ये पडा? दोन-चार आठवड्यांनी राग निवळेल, ती परत येईल, आपण दोघं आपले सिनेमे बघू. खूप गोड वाटलं ते मला. दुकान बंद करून जेवायला बसलो, तर घास तोंडातच फिरायला लागला. ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तोच सिनेमा बघायला गेलो. एकटाच. बोटावर मोजण्याएवढी माणसं होती आणि शेजारचा घोरत होता. यावेळी मी नीट बघितलं. ती बाई काहीच वाईट करत नव्हती हो. जीव तोडून त्या म्हाताऱ्याचं करत होती, हसत होती तेही त्याच्यासाठीच, आणि आतून वाळत चालली होती. मला पहिल्यांदा हे दिसलंच नव्हतं. दिसलं होतं ते फाटक.

तिथून मी तडक हॉस्पिटल गाठलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर माणसं बसलेली. ती कुणाला तरी आत न्यायला बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहराच उतरला.

"बाबा? काय झालं? पडलात कुठे?"

"पडलो नाही. सिनेमा परत बघितला."

"कुठला?"

"तोच. आपला दोनवाला."

तिनं दार ओढून घेतलं. खालच्या आवाजात म्हणाली, "गुण बदलायला आलात का? ते बदलत नसतात. जिन्यावर दिले ते दिले."

"बदलत नाही. दोनच राहू देत. पण बाकीचे आठ कुणामुळे कापले, ते मी चुकीचं सांगितलं. बाई बरोबर होती. म्हातारा खोटा होता."

"म्हणजे?"

"हसतो काय लेकाचा! घरातलं शेवटचं माणूस निघालंय आणि हा फाटकात उभा राहून हात हलवतोय, मागे पेटी वाजतेय. कुठला बाप असा हसतो? मला काही ते जमणार नाही, म्हणून चिडलो मी त्याच्यावर. आणि शिव्या घातल्या तिला."

ती भिंतीला टेकली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चष्म्याची काडी मोडली होती त्याची. नंबर भयंकर आहे पोरी, पण माणूस चांगला वाटला."

तिनं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. एप्रनच्या बाहीनं डोळे पुसले आणि भलतंच बोलली. म्हणाली, "बाबा, मला गुंड्याचा आवाज आठवत नाही हल्ली. चेहरा आठवतो, आवाज नाही. तुम्ही चिडून बोलता ना सिनेमाबद्दल, तेव्हा मध्येच एखादा शब्द अगदी त्याच्यासारखा येतो. मी त्यासाठी यायचे. मी इथून गेले तर तो खरंच जाईल, असं वाटतं."

इतके दिवस ते नाव आम्ही दोघांनी गिळून ठेवलं होतं, आणि ते आलं हे असं, एक्स-रेच्या दारात, चारचौघांत.

"गुंड्या गेलाय पोरी," मी म्हणालो. "तू इथं बसून राहिलीस तरी गेलाय. तू यायचीस तेव्हा मलाही वाटायचं, तो जरासा आहे अजून. मागून येतोय, तिकिटं शोधतोय खिशात. म्हणून मी तुला धरून ठेवलं. तुझं वय काय, माझं काय. हे बरं नव्हे."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय व्हायचंय? दुकान आहे, रेडिओ आहेत..."

"बाबा, खोटं नाही बोलायचं."

खोटं नाही तर मग सांगण्यासारखं काही नव्हतंच. संध्याकाळी शटर ओढलं की मला हाक मारणारं या जगात कुणी उरणार नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. बाकावर प्लास्टर घातलेला एक माणूस बसला होता. तो उगाच छताकडे बघायला लागला.

"तू जा," मी म्हणालो. "त्याला आजच सांग. फक्त एक सांगून ठेवतो, मी काही हात हलवत हसणार नाही. भर स्टँडवर रडेन. त्याला लाज वाटली तर त्याला म्हणावं, गाडीत आधी जाऊन बस."

"अजून मी गेलेय कुठे बाबा?" ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"नाही ना? मग आत्ताच उरकून घेतो," मी म्हणालो, आणि तिथंच रडायला लागलो. गुंड्याला नेलं त्या दिवशी मी रडलो नव्हतो. लोकांना चहा देत फिरत होतो. ते सगळं आत साठलेलं आता आवरेना. प्लास्टरवाला सरकला, त्यानं मला जागा करून दिली. ती माझ्याशेजारी बसली आणि माझा हात घट्ट धरून राहिली.

आतून पुढच्या पेशंटला हाक आली. ती उठायला लागली.

"बसा तुम्ही," प्लास्टरवाला म्हणाला. "माझाच नंबर आहे. मला काही घाई नाही."