ताप उतरला म्हणजे

"आधी काय करेल ती? कपाळावर ओली पट्टी ठेवेल, की पेज करायला जाईल?" दिव्यश्रीनं लॅपटॉपवरची नजर न हलवता विचारलं.

शालन सकवारबाईंना कुशीवर वळवत होती. एक हात खांद्याखाली, दुसरा गुडघ्यामागे. "आधी चादर बदलंल," ती म्हणाली. "घामानं भिजलेली असती न्हवं."

दिव्यश्री हसली. "अक्का, गेममध्ये चादर कोण बदलणार? तनयनं रेशमी शर्ट घातलाय."

दिव्यश्री मोबाईलवरच्या प्रेमाच्या गेमसाठी गोष्टी लिहायची. तिचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला होतं, पण सासूबाई, म्हणजे सकवारबाई, अंथरुणाला खिळल्यापासून ती येलहंक्याच्या घरूनच काम करत होती. गेममध्ये खेळणारी मुलगी म्हणजे नायिका. समोर तनय नावाचा देखणा, श्रीमंत, थोडा रागीट तरुण. दर दोन-चार वाक्यांनी पडद्यावर पर्याय येत आणि मुलीनं त्यातला एक निवडायचा. या आठवड्यात तनयला ताप येणार होता. आजारपणाचे भाग सगळ्यात जास्त खेळले जातात, असं दिव्यश्री सांगायची. संध्याकाळी पाचपर्यंत हा भाग पाठवायचा होता.

शालन निपाणीची. सत्तेचाळीस वर्षांची. एका एजन्सीनं तिला पाच महिन्यांपूर्वी या घरी पाठवलं होतं, सकाळी आठ ते रात्री आठ. दिव्यश्रीनं तिच्या फोनवर तो गेम घालून दिला होता. "मराठी कुठं अडखळतं ते वाचून सांगा, अक्का." शालन बसमध्ये वाचायची. एका भागात नायिकाच आजारी पडते. तनय हातातलं काम टाकून येतो, मिरीचं सार करतो, तिचे पाय आपल्या शालीत गुंडाळतो आणि उशाशी बसून राहतो. तो भाग शालननं नऊ वेळा वाचला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कंडक्टर जवळ आला तरी ती फोन पालथा घालायची.

"खंडोजी आला काय?" सकवारबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

शालनचा हात थांबला. खंडोजी म्हणजे त्यांचा भाऊ. तो जाऊन वीस वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सकवारबाई पायांनी अधू असल्या तरी डोक्यानं तल्लख होत्या. रोज सकाळी शालन आली की त्या म्हणायच्या, "आलीस काय ग निपाणीची पोलीस?" आज म्हणाल्या नव्हत्या.

"अम्मा, मी शालन."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. डोळे त्यांनी उघडले नाहीत.

नऊ वाजता ताप एकशे एक होता. दिव्यश्रीनं गोळी दिली. साडेअकराला तिनं सासूच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा उजळला. "अत्तेंचा ताप उतरला, बघा! मी मीटिंगला बसते. तासभर लागेल." आतल्या खोलीचं दार बंद झालं.

कपाळ खरंच गार होतं. शालननं सकवारबाईंचे हात हातात घेतले. तेही गार होते, मनगटापर्यंत. नखं फिकट निळसर दिसत होती. तिनं घड्याळाकडे बघून श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस. डायपर सकाळपासून कोरडा होता. तिनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. वरचा आकडा शहाऐंशी. पट्टा नीट बसला नसेल म्हणून पुन्हा बांधला. ब्याऐंशी.

तिनं एजन्सीच्या जितेंद्रला फोन लावला. हा तिच्या कामांची वाटणी करणारा माणूस.

"फॅमिलीला सांग ना," तो म्हणाला. "डिसिजन तू घ्यायचा नाही. गेल्या महिन्यात आपल्या एका बाईनं उगाच पेशंटला हॉस्पिटलला नेलं, लोकांनी केवढी कंप्लेंट केली. तिला काढावं लागलं."

"पण मॅडम मीटिंगमध्ये हायत."

"मग संपू दे की मीटिंग. ताप नाही म्हणतेस, मग कसली घाई?"

शालननं आतल्या खोलीचं दार थोडं ढकललं. कानांवर हेडफोन लावलेल्या दिव्यश्रीनं पंजा दाखवला. पाच मिनिटं. दार पुन्हा लागलं.

शालन बाहेर उभी राहिली. आतून दिव्यश्रीचा आवाज येत होता. ती सहकाऱ्यांना नवा भाग वाचून दाखवत होती. नायिका तनयच्या कपाळाला हात लावते, कपाळ गार लागतं, तो डोळे उघडतो आणि तिचं नाव घेतो.

तिच्या नवऱ्याचं, शिवाप्पाचं कपाळही असंच गार लागलं होतं. निपाणीला, एका रविवारी दुपारी. दोन वर्षं तिनं त्याचं अंथरुणात सगळं केलं होतं. त्या दिवशी तीन दिवसांचा ताप उतरला म्हणून ती देवापुढं हात जोडून आली होती. तेव्हा ती हे काम शिकलेली नव्हती. हात गार का पडतात हे तिला ठाऊक नव्हतं.

मागून सकवारबाईंच्या श्वासाचा आवाज आला. भराभर, वरच्यावर. शालननं दार पूर्ण उघडलं आणि ती सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, अम्मांना दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

पडद्यावरचे पाच-सहा चेहरे तिच्याकडे बघायला लागले. दिव्यश्रीनं हेडफोन काढला. तिला राग आला होता. "अक्का, ताप उतरलाय ना?"

"उतरला न्हाई. अंग गार पडायलंय. बीपी ब्याऐंशी हाय. सकाळपास्नं लघवी न्हाई."

"आपण डॉक्टरांना फोन करून विचारू. गिरीराजला तरी विचारू दे." गिरीराज म्हणजे तिचा नवरा. तो कामासाठी हुबळीला गेला होता.

"फोन गाडीतनं करा."

"तुम्हाला एवढं खात्रीनं कसं कळतं?"

"माझ्या मालकांचं असंच झालं. मलाबी वाटलं, उतरला. मी चहा ठेवायला आत गेले."

दिव्यश्रीनं लॅपटॉप मिटला नाही. मीटिंग तशीच सोडून ती उठली.

रुग्णवाहिकेला अर्धा तास लागेल म्हणाले. खालच्या मजल्यावरचे विश्वासराव हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर सकवारबाईंचं डोकं मांडीवर घेऊन शालन श्वास मोजत होती. सिग्नलला गाडी थांबली की तिचे आकडे चुकायचे. पुढं बसलेली दिव्यश्री सारखी मागं वळून बघत होती.

"आहेत ना?" तिनं एकदा विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच रडू फुटलं.

"हायत. तुम्ही पुढं बघा."

शालनला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटत होती. उशीर झाला असेल ही एक. आणि काहीच नसेल, डॉक्टर हसून परत पाठवतील, ही दुसरी. दुसऱ्या भीतीची तिला लाज वाटली, पण ती काही जाईना.

डॉक्टर हसले नाहीत. तरुण बाई होत्या. त्यांनी हात लावला, मशीनकडे बघितलं आणि सकवारबाईंचं स्ट्रेचर धावतच आत गेलं. पाऊण तासानं त्या बाहेर आल्या. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. सलाईन आणि औषधं सुरू झाली होती. "संध्याकाळपर्यंत कळेल," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. स्वल्प उशीर झाला असता, तर मी काही सांगू शकले नसते."

दोघी बाकावर बसून राहिल्या. चार वाजले. गिरीराज हुबळीहून निघाला होता. दिव्यश्रीच्या फोनवर ऑफिसचे निरोप येत होते. शेवटी तिनं फोनवरच तो भाग उघडला आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

"सगळं खोटं लिहिलंय मी," ती म्हणाली. "काय बदलू, अक्का?"

"त्या पोरीला भीती वाटू दे."

"काय?"

"तुमची ती पोरगी घाबरतच न्हाई. पट्टी ठेवती, पेज देती, गोड हसती. आजारी माणसाजवळ बसलं की आधी भ्याव वाटतंय, मॅडम. श्वास चाललाय का बघत बसतो आपण. माया-बिया मागनं."

"लोक घाबरायला येत नाहीत हो गेममध्ये," दिव्यश्री हळू म्हणाली. पण तिनं काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "आणि तो आधीचा भाग? नायिका आजारी पडते तो? तोही खोटाच आहे. कुठला माणूस असा काम टाकून येऊन बसतो?"

शालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो तसाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याला हात लावू नका."

दिव्यश्रीनं तिच्याकडे बघितलं. मग ती पुन्हा नव्या भागाकडे वळली.

सहाच्या सुमाराला नर्स बाहेर आली. सकवारबाईंचा रक्तदाब वर आला होता, त्या शुद्धीवर होत्या. दिव्यश्री आत जाऊन आली. डोळे पुसत म्हणाली, "धोका टळला म्हणतात. अत्ते तुम्हाला बोलावतायत."

दारावरच्या नर्सनं वहीत लिहिता लिहिता विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" शालन काही बोलायच्या आत मागून दिव्यश्री म्हणाली, "घरच्याच आहेत."

आत मशीनच्या हिरव्या रेघा सरकत होत्या. सकवारबाई एवढ्याशा दिसत होत्या. त्यांनी तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला सारला.

"अम्मा, राहू दे ते," शालन म्हणाली.

"जेवलीस काय ग?"

शालनला आठवेना. सकाळी बस पकडायच्या आधी अर्धी भाकरी खाल्ली होती. "जेवले की."

"सुळ्ळु," सकवारबाई म्हणाल्या. खोटं. श्वास घ्यायला त्या थांबल्या. "तोंड बघ कसं झालंय. जा, जेवून ये. मी कुठं पळून जातेय?"

शालननं मास्क नीट बसवला, पांघरूण हातांवर ओढलं आणि एकदा बोटांना स्पर्श करून बघितला. कोमट होती.

तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती. तिनं भात आणि सांबार घेतलं आणि भिंतीकडेच्या टेबलावर बसली. ताटाकडे हात नेला तेव्हा तिच्या लक्षात आलं, ती अजून मनात श्वास मोजत होती. ती हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. मोजणं थांबल्यावर तिनं भात कालवला आणि पहिला घास घेतला.