पासवर्डातला एक

काळ्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं: पासवर्ड चुकीचा.

“मशीन बिघडलंय,” टायपिस्ट मावशी म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडे, असं मागे हेडक्लार्क पुटपुटले. मावशींनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

त्यांची एकोणतीस वर्षं याच ऑफिसात टाइपरायटरपुढे गेली होती. आता लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर आले होते. शुक्रवारच्या परीक्षेत पास होईल त्यालाच टायपिंगचं काम मिळणार होतं. नापास झालेल्याने आवक-जावक सांभाळायचं, म्हणजे दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मावशींना ती शिक्के मारण्यात घालवायची नव्हती. “शिक्का मारायला काय अक्कल लागते? आरामात दिवस जातील,” असं यजमान घरी बोलून गेले. त्या संध्याकाळी त्यांना स्वतःचा चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

खरं तर शिकवणीचे पहिले तीन दिवस झकास गेले होते. एल एस टाइप केलं की यंत्र मुकाट्याने फायलींची यादी काढून देई. जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम टाइप केले, आता आपलाही हुकूम कुणीतरी पाळतंय, याची मावशींना भारी गंमत वाटे. पण गुरुवारी शिकवणाऱ्या सरांनी ज्याला त्याला वेगळा पासवर्ड दिला आणि घोडं अडलं. मावशींचा होता ‘कागद’, इंग्रजी अक्षरांत, आणि शेवटी एकचा आकडा. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा नाही. मग चूक सापडणार कशी?

सरांनी पडदा सोडून मावशींच्या बोटांकडे पाहायचं ठरवलं. बोटं झरझर चालली आणि शेवटी उजवीकडे थांबली.

“मावशी, एक कुठे दाबलात?”

“हा काय.”

“हा तर एल आहे.”

“एल म्हणजेच एक. आमच्या इंग्रजी टाइपरायटरवर एकचं बटण कुठे होतं? सगळे टायपिस्ट छोटा एलच मारायचे. दिसायला सारखाच.”

सर हसत सुटले, मग हेडक्लार्क, आणि शेवटी मावशीही. जित्याची खोड, त्या म्हणाल्या. दुपारभर त्यांनी डाव्या करंगळीला वरच्या कोपऱ्यातला एक शिकवला. एवढ्या वर्षांत त्या करंगळीला तिकडे कधी काम पडलं नव्हतं.

शुक्रवारी पासवर्ड पहिल्या फटक्यात लागला. फोल्डर झालं, फाइल झाली, पत्र झालं. सरांनी यादीत त्यांच्या नावापुढे ‘पास’ लिहिलं. मावशींना इतका आनंद झाला की त्या उठून उभ्याच राहिल्या. मग त्यांची नजर भिंतीलगतच्या जुन्या फायलींच्या कपाटांकडे गेली आणि चेहरा जरा उतरला.

“सर, त्यातल्या सगळ्या तारखा माझ्या हातच्या. लोकांचे जन्म, नेमणुका, बढत्या. म्हणजे त्यात एक कुठेच नाही? सगळे एलच?”

सरांनी थोडा विचार केला. “त्या तारखा माणसांनी वाचायच्या होत्या, मावशी. माणसांना कळलं.”

मावशींनी मान डोलावली. मग खुर्ची पुढे ओढून त्या साहेबांचं पत्र टाइप करायला बसल्या. तारीख होती अकरा.