सहावा बिल्ला

परग्रह काढावा तर प्रितमनंच, असं पुण्याच्या संपादकबाई सगळ्यांना सांगत. आता शहापूरच्या या गड्याला परग्रह काय ठाऊक, डोंबल! बारा वर्षं तो मँगनीजच्या एका खाजगी खाणीत उतरला होता, तेवढीच त्याची अंतराळयात्रा. विज्ञानकथेला चित्र मागितलं की पठ्ठ्या खाणच काढायचा, आकाशात चंद्र तेवढे दोन टाकायचा. लोक वा वा करत.

यंदाच्या दिवाळी अंकातली कथा मात्र त्याच्या जिवावर आली. सहा जण एका मेलेल्या ग्रहाच्या पोटात उतरतात आणि सहाही सुखरूप वर येतात. शेवटच्या चित्रात त्यानं यानाच्या दाराशी फळी काढली, फळीवर सहा खिळे. वर आलेल्यानं आपला बिल्ला खिळ्याला टांगायचा, खाणीत टांगतात तसा. बिल्ले त्यानं पाचच काढले.

"प्रितम, एक बिल्ला राहिलाय," बाईंचा फोन आला. "सगळे परत येतात ना? तेवढा घाल आणि संध्याकाळपर्यंत पाठव."

पाच मिनिटांचं काम. पण हात चालेल तर शपथ.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं एक बिल्ला टांगला होता. पाळी सुटली की फळीपाशी ही गर्दी व्हायची, म्हणून पुढं निघालेल्यानं सोबत्याचाही बिल्ला टांगून टाकायचा. सगळेच करत, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. त्या दिवशी त्याच्या जोडीच्या डोमानं आपला बिल्ला त्याच्या हातात दिला. "माहा बी टांगून देजो गा. मी आलोच मांगून." प्रितमनं टांगला, घरी आला, जेवला, झोपला. मागं छत कोसळलं आणि डोमा पलीकडे अडकला. फळी भरलेली, म्हणजे माणसं वर. शोधायला कोण जाणार? सकाळी सापडला तेव्हा त्याचं अंग अजून कोमट होतं.

चौकशीत ठरलं, की डोमा वर आला, बिल्ला टांगला आणि दारू ढोसायला उताराच्या वाटेनं चोरून परत खाली गेला. प्रितम तिथंच उभा होता. त्यानं ब्र काढला नाही. भ्याला मेला, दुसरं काय!

'मॅडम, तो बिल्ला मी टांगणार नाही. दुसऱ्याकडून करून घ्या,' असं त्यानं कळवून टाकलं. म्हणजे पुढची कामंही गेलीच. मग कागद, पेन्सिल घेऊन तो डोमाच्या घरी गेला.

डोमाची बायको रुखमिणी ओसरीत लाखोरीची डाळ निवडत होती.

"वहिनी, बिल्ला डोमानं नाई टांगला. मी टांगला. तो वर आलाच नोता."

त्यानं सगळं सांगितलं. सुपातली तिची बोटं थांबली.

"अन् आजवर काहून नाई सांगतलं, भाऊ?"

"भेव वाटे."

"बेवडा म्हनत होती मी त्याले. नऊ वर्सं! सासू मेली तं पोराले शिव्या देतच मेली."

"मले मारा, वहिनी."

"मारून का होते?" तिनं सूप बाजूला सारलं. "फोटो जाळले मी त्याचे सारे. एक बी नाई ठेवला. तुमी काढा. इथंच, माह्यासमोर."

प्रितम खाली बसला. कोणी कधी न पाहिलेली शेकडो तोंडं त्यानं मनानं रचून काढली होती. हे तोंड रचावं लागलं नाही, ते रोज डोळ्यांपुढं असायचं. किंचित वाकडं नाक, हनुवटीवरचा व्रण, हसताना मिटणारा डावा डोळा. रुखमिणीनं कागद हातात घेतला आणि ती हंबरडा फोडून रडली.

बऱ्याच वेळानं तिनं कागद पुढं केला. "खाली लिहा, बिल्ला कोनं टांगला ते. उद्या चौकात लावतो."

त्यानं लिहिलं. पुरं नाव, ठळक अक्षरात. मग तो उठला. पायात चपला अडकवताना सवयीनं म्हणाला, "येतो, वहिनी."

"येऊ नोका," रुखमिणी म्हणाली.