टोपी काढण्याइतका वेळ

माणूस पहिल्याच भेटीत गोड बोलायला लागला की माझे कान टवकारतात. ग्रँट प्रुइट पहिल्यांदा माझ्या कॅफेत आला तेव्हा त्यानं कॉफीचं कौतुक केलं. माझ्या कॉफीचं! एल्म फोर्कमध्ये जन्मलेल्या एकाही माणसानं आजवर हे पाप केलेलं नाही. मग जर्दाळूची कोलाची खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "मॅडम, असं बन मी उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं."

"जन्म कुठे काढलात?" मी विचारलं.

"कॅन्सस सिटीत."

"तरीच."

एप्रिल महिना, बर्फ नुकतंच वितळलेलं, आणि त्याच्या बुटांना चिखलाचा ठिपका नाही. असल्या माणसाचा भरवसा काय धरायचा? कोपऱ्यातल्या टेबलावरून लिओ डुबा भुवया उडवत होता. लिओ मका पिकवतो आणि बायको गेल्यापासून तिन्ही त्रिकाळ माझ्याकडेच पडीक असतो. प्रुइट बाहेर पडल्याबरोबर तो म्हणाला, "हाच तो, अर्लीन. चौदाशे यानंच घेतलंय."

चौदाशे म्हणजे आमचं रेडिओ स्टेशन. त्याला दुसरं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. काटा चौदाशेवर ठेवला की सकाळी मक्याचे आणि डुकरांचे भाव, मग कुणाचं वासरू हरवलं, कुणाला जुना फ्रीज विकायचाय, रविवारी पोल्काची नाचगाणी, आणि बारा वाजता नावं. नावं म्हणजे गेलेल्या माणसांची. ती वाचायचे डेलमर वावरा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रोझचे यजमान. माझे भावोजी.

भावोजींची वाचायची एक रीत होती. आधी नाव, मग शेत कुठल्या रस्त्यावर, मग "त्यांच्या पश्चात" कोण कोण, आणि मग ते गप्प बसायचे. खुर्ची तेवढी कुरकुरायची. तिला तेल घालू द्यायचे नाहीत. त्या गप्प वेळात माझ्या कॅफेतले सगळे पुरुष डोक्यावरची टोपी काढायचे, क्षणभर मांडीवर धरायचे आणि परत घालायचे. मी हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवायची. मग पुढचं नाव. एकदा जुन्या मालकानं भावोजींना विचारलं होतं, एवढा वेळ फुकट का घालवता? भावोजी म्हणाले, "माणूस जन्मभर राबतो. टोपी काढण्याइतका वेळ तरी द्याल की नाही त्याला?" पुन्हा कुणी विचारलं नाही.

आणि त्याच वसंतात भावोजींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं तर आवाज जाणार, हे डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. इकडे आवाज जाणार, तिकडे जुन्या मालकाची पोरं ॲरिझोनात बसून स्टेशन विकून मोकळी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी अंडी आणायला निघाले होते, तर भावोजींचा निळा पिकअप स्टेशनसमोर उभा. परत येतानाही तिथेच. शेजारी प्रुइटची चकचकीत गाडी. संध्याकाळी मी विचारलं, "भावोजी, त्या माणसाकडे अख्खी दुपार काय करत होतात?"

"गप्पा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कशावर सही तर नाही ना केलीत?"

ते नुसते हसले आणि सूप मागितलं. मी सूप वाढलं, पण माझ्या मनातली पाल काही चुकचुकायची थांबली नाही. आजारी माणूस, रोझ गेलेली, पोटी मूल नाही, आणि समोर हा गोडबोल्या. गोगलगाय अन् पोटात पाय!

ऑपरेशन झालं. भावोजी घरी आले ते गळ्यात दोरीनं अडकवलेली छोटी पांढरी पाटी घेऊनच. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचे, बाहीनं पुसायचे. आणि जूनच्या पहिल्या सोमवारी चौदाशेवरून भाव गेले, वासरं गेली, पोल्का गेला. त्याऐवजी कुठल्यातरी लांबच्या शहरात बसलेले दोन बाप्ये फुटबॉलवरून दिवसभर एकमेकांवर खेकसायला लागले.

"आपल्याकडे पाऊस आहे का नाही, ते यांना काय माहीत?" लिओ म्हणाला.

"त्यांना एल्म फोर्क आहे हेच माहीत नाही," मी म्हटलं. "बंद कर ते."

भावोजींनी हात वर करून मला थांबवलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजले. खेकसणं थांबलं. आणि रेडिओतून भावोजींचा आवाज आला.

देवाशपथ सांगते, माझ्या हातून बशी निसटली. भावोजी माझ्यासमोर बसलेत, गळ्याला पट्टी, तोंड मिटलेलं, आणि त्यांचा आवाज भिंतीवरच्या फळीवरून बोलतोय. "हेलन कुचेरा, चर्चच्या मागचा रस्ता. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी." आवाज तोच, तरुणपणचा, खणखणीत. पुरुषांचे हात टोप्यांकडे गेले. पण टोप्या अर्ध्यावर असतानाच पुढचं नाव आलं, त्यावर तिसरं, आणि लगेच ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात. खुर्ची कुरकुरली नाही. माणसं वेड्यासारखी हात डोक्याशी धरून बसली होती.

"भावोजी, हे काय?"

त्यांनी पाटीवर लिहिलं, "कॉम्प्युटर. माझ्या जुन्या टेप ऐकवल्या त्याला. आता कुठलंही नाव बोलतो."

"तुम्हाला विचारून?"

"मीच दिला," त्यांनी लिहिलं.

मी ते वाचलं आणि माझा विश्वास बसला नाही. देतील कसे? जे उरलं नाही ते माणूस सुखासुखी देतो का? दमदाटी केली असेल, नाहीतर गोड बोलून गळाला लावलं असेल. मी ॲप्रन सोडला आणि तडक स्टेशनवर गेले.

पूर्वी तिथे नेहमी चारदोन माणसं असायची. आता प्रुइट एकटाच. एक पेटी लुकलुकत होती आणि तो तिच्यासमोर सँडविच खात बसला होता.

"या, या मॅडम!"

"मॅडम गेली चुलीत. माझ्या भावोजींचा आवाज कुठून चोरलास?"

तो तांबडालाल झाला. "चोरला नाही हो. त्यांनी स्वतः दिलाय. मी तर नावं बंदच करणार होतो. त्यांनी अडवलं."

"आजारी माणसाच्या नावावर काहीही खपतं. आणि वाचायचं तर धड वाच की! मेलेल्या माणसांना गुरांसारखं हाकतोस. मधली शांतता कुठे गेली?"

"ती नाही जमत," तो म्हणाला. त्यानं पेटीवर हात ठेवला. "इथे दिवसभर कुणी नसतं. म्हणून यात एक राखण्या बसवलाय. आवाज जरा थांबला की त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. लगेच गाणं सोडतो. प्रत्येक नावानंतर थांबायचं तर कुणीतरी रोज इथे बसून त्याला अडवायचं बटण दाबून धरायला हवं. कोण धरणार?"

"तुझे हात काय बांधलेत?"

"माझी अशी पाच स्टेशनं आहेत, मॅडम. प्रत्येक गावात कसा बसू?"

"म्हणजे पाच गावांची वाट लावलीस," मी म्हटलं आणि दार आपटून आले.

त्या दिवसापासून मी भांडं खाली ठेवणं सोडलं. माणसासाठी ठेवत होते, पेटीसाठी नाही. पुरुषांचंही हळूहळू तसंच झालं. टोपीला हात जायच्या आत नाव निघून जायचं, मग हात जाणंच थांबलं. भावोजी मात्र रोज बाराच्या आधी येऊन बसायचे. सूप पुढ्यात, कान रेडिओकडे, आणि डोळे टोप्यांवर. एका दुपारी त्यांच्या शाळेतल्या मित्राचं नाव आलं आणि गेलं. कुणाचा हात हलला नाही. भावोजींनी एकट्यानंच टोपी काढली आणि बराच वेळ घातली नाही. त्यांचं सूप तसंच गार झालं. मला इतकी चीड आली त्या प्रुइटची, की तो त्या क्षणी समोर असता तर उकळती कॉफी त्याच्या स्वच्छ बुटांवर ओतली असती.

"भावोजी, आवाज परत मागा," मी म्हटलं. "वकील करू. गाव उभं राहील तुमच्यामागे."

त्यांनी लिहिलं, "तो वाईट नाही."

"मग काय आहे?"

थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, "घाईत आहे."

मी बाहीनं त्यांची पाटी पुसून टाकली. असलं समजूतदार बोलणं मला ऐकवत नाही. या माणसानं त्यांच्यावर काय जादू केली होती कोण जाणे! मधूनमधून तो यायचा, भावोजींच्या शेजारी बसायचा, पाटीवर काहीतरी लिहिणं-पुसणं चालायचं. मी जवळ गेले की पाटी उलटी. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली तऱ्हा? पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं मला पक्कं कळत होतं.

मका कापणीला आला आणि गाठ पुन्हा आली. या खेपेला भावोजींनी डॉक्टरला पाटीवर "नको" लिहून दाखवलं. मी पलंगाशेजारी बसायची, सूप चमच्यानं भरवायची. शेवटी शेवटी पाटी धरवत नव्हती. एका पहाटे ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी कॅफे उघडला, कारण घरात बसवेना. बारा वाजायला आले तसा मी रेडिओ बंद केला.

"अर्लीन, लाव तो," लिओ म्हणाला.

"मुळीच नाही."

"अगं, आज त्याचं नाव आहे."

"म्हणूनच! माणसाचा आवाज काढून घ्यायचा आणि त्याच्याच आवाजात तो मेला म्हणून सांगायचं? वर टायरची जाहिरात? मी असली विटंबना माझ्या छपराखाली होऊ देणार नाही, लिओ."

लिओ उठला, माझ्यासमोरून हात घालून फळीवरचं बटण फिरवलं आणि जागेवर जाऊन बसला. लिओनं उभ्या जन्मात माझा शब्द मोडला नव्हता. मी कॉफीचं भांडं घट्ट धरून उभी राहिले. आज तर अजिबात खाली ठेवणार नव्हते.

खेकसणं थांबलं. आणि खुर्ची कुरकुरली.

मी मान वर केली. कुणीतरी घसा साफ केला. मग आवाज आला, पण तो खणखणीत तरुण आवाज नव्हे. घोगरा, अडखळणारा, ऑपरेशनच्या आधीच्या त्या आठवड्यातला. दमून मध्ये श्वास घेणारा. पेटीला श्वास घ्यावा लागत नाही. त्या दुपारी निळा पिकअप स्टेशनसमोर कशासाठी उभा होता, ते मला तेव्हा कळलं.

"डेलमर वावरा," ते म्हणाले. "गिरणीमागचं पांढरं घर. पत्नी रोझ आधीच गेली. त्यांच्या पश्चात मेव्हणी अर्लीन, एवढाच परिवार आहे."

आणि ते गप्प बसले.

मी गाण्याची वाट बघत होते. आता राखण्या जागा होईल, आता काहीतरी ठणाणा वाजेल. लिओनं टोपी काढली. मग एकेकानं. टोप्या मांडीवर आल्या, तरी गाणं आलं नाही. बाहेर एक मक्याचा ट्रक येऊन गेला. गाणं नाही. त्या रिकाम्या खोलीत, त्या लुकलुकत्या पेटीपुढे, कुणीतरी बटण दाबून धरून बसलं होतं, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

मी भांडं खाली ठेवलं.